सुट्टीवर आलेल्या जवानाच्या कमरेला पिस्तूल हवे का?

गेल्या खरिपात एका गावी भुईमुगाच्या नुकसानीची पाहणी करायला गेलो होतो. रानडुकरांनी एका रात्रीत दीड एकर भुईमूग उकरून टाकला होता. वनरक्षक, तलाठी भाऊसाहेब आणि मी, तिघांनी मिळून पंचनामा केला आणि चहासाठी गावातल्या पारावर टेकलो. बोलता बोलता विषय बंदुकीवर आला. नुकसान झालेल्या शेतकऱ्याने विचारले, "साहेब, ठासणीच्या बंदुकीचा परवाना काढायचा म्हटलं तर तुमचा दाखला चालतोय का?"

मी काही सांगणार, तेवढ्यात पाराच्या कडेला बसलेला एक तरुण बोलला. सैन्यात हवालदार, काश्मीरमधून दोन महिन्यांच्या सुट्टीवर आलेला. तो म्हणाला, "डुकरासाठी बंदूक मागता, आमचं काय? तिकडं सरकार माझ्या हातात रायफल देतं, माझ्यावर भरवसा ठेवतं. गावात पाय ठेवला की हातात साधी काठी नाही. मी कमरेला पिस्तूल लावून का फिरू नये? शर्टाच्या आत ठेवीन, कुणाला दिसणार पण नाही."

पारावरच्या चार-दोन जणांनी लगेच माना डोलावल्या. "बराबर हाय पोराचं." सरपंच मात्र गप्प राहिले. हवालदाराचा चुलतभावाशी बांधावरून वाद चालू होता, हे त्यांना ठाऊक होते. मला ते नंतर कळले.

त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. खत-बियाण्याचे विचारले असते तर दिले असते. पण प्रश्न डोक्यात राहिला. आपल्याकडे गावागावांतून पोरे सैन्यात आहेत. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावापुढे तर 'मिलिटरी' हा शब्दच चिकटलेला आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. तेव्हा हा प्रश्न एका हवालदाराचा नाही, पुष्कळ घरांचा आहे. मग मी कायदा वाचला, एका निवृत्त सुभेदारांना भेटलो, आणि जे समजले ते शेतकरी बंधूंपुढे आणि गावच्या कारभाऱ्यांपुढे ठेवतो आहे.

रायफल जवानाची नसते

सुभेदारसाहेबांनी पहिल्याच वाक्यात माझा एक गैरसमज दूर केला. ते म्हणाले, "अहो साहेब, रायफल जवानाची नसते, ती पलटणीची असते. ड्यूटी संपली की ती कोतमध्ये जमा. सुट्टीवर निघालो की सोबत काय? सुट्टीचं सर्टिफिकेट, ओळखपत्र आणि काळी ट्रंक." कोत म्हणजे पलटणीचे शस्त्रागार. तिथे प्रत्येक हत्याराचा नंबर, कोणी नेले, कधी परत केले, याची नोंद असते. पहाऱ्यावर माणूस असतो. इतकी वर्षे हत्यारे हाताळलेली सैन्यासारखी संस्था आपल्याच माणसाकडून रोज हत्यार मोजून परत घेते. यात अविश्वास नाही, ही शिस्त आहे.

कायदाही हेच धरून चालतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये सरकारी सेवकाला परवान्यातून सूट आहे, पण ती 'कर्तव्य बजावताना' एवढ्यापुरती. सुट्टीवर घरी आलेला जवान या कायद्याच्या दृष्टीने तुमच्या-आमच्यासारखा नागरिक असतो. त्याला स्वतःचे पिस्तूल बाळगायचे असेल तर कलम ३ प्रमाणे परवाना काढावा लागतो. परवाना देणारे जिल्हाधिकारी. जिथे पोलीस आयुक्तालय आहे तिथे पोलीस आयुक्त. पोलिसांचा अहवाल लागतो आणि गरज पटवून द्यावी लागते.

म्हणजे 'जवानाला पिस्तूल बाळगता येते का' याचे उत्तर 'परवाना असेल तर येते' असे आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवान्याचे पिस्तूलसुद्धा सार्वजनिक ठिकाणी नेताना होल्स्टरमध्ये, झाकलेले आणि आपल्या ताब्यात ठेवायचे असते. ते काढून दाखवायचे नाही, मिरवायचे नाही. आपल्याकडे लपवलेले पिस्तूल म्हणजेच गुन्हा असे पुष्कळांना वाटते. गुन्हा आहे तो विनापरवाना हत्याराचा.

२०१९ साली हा कायदा आणखी कडक झाला. पूर्वी एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत, आता दोनच. परवान्याची मुदत तीन वर्षांची होती, ती पाच वर्षांची झाली. विनापरवाना बंदूक किंवा गावठी कट्टा सापडला तर कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षे कैद आणि वर दंड. लग्नात, वरातीत, मिरवणुकीत हौसेने गोळ्या झाडून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इथे बंदूक परवान्याची होती ही सबब चालत नाही.

जाता जाता त्या भुईमूगवाल्या शेतकऱ्याचेही उत्तर देतो. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद कलम १३ मध्ये आहे. पण बंदुकीचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारायची परवानगी नव्हे. ती वन विभागाकडून वेगळी घ्यावी लागते. या दोन गोष्टींची गल्लत करून पुष्कळ जण अडचणीत येतात.

जवानाचे म्हणणे खोटे नाही

आता हवालदाराच्या बाजूने बोलतो. त्याची नेमणूक काश्मीरमध्ये होती. तिथे सुट्टीवर असलेल्या नि:शस्त्र जवानाचे काय झाले, हे त्याने जवळून ऐकले होते.

लेफ्टनंट उमर फयाज हा काश्मीरच्या कुलगाम जिल्ह्यातला तरुण. राजपुताना रायफल्समध्ये अधिकारी होऊन त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. मे २०१७ मध्ये तो नात्यातल्या एका लग्नासाठी शोपियान जिल्ह्यात गेला. ९ मेच्या रात्री दहशतवाद्यांनी त्याला लग्नघरातून उचलून नेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा गोळ्या लागलेला मृतदेह सापडला. वय २२.

पुढच्या वर्षी, १४ जून २०१८ रोजी, राष्ट्रीय रायफल्सचा जवान औरंगजेब पुलवामा भागातल्या छावणीतून पूंछकडच्या आपल्या गावी ईदसाठी निघाला होता. वाटेत त्याला गाडीतून उतरवून नेले आणि मारले. त्याला मरणोत्तर शौर्यचक्र मिळाले. ऑगस्ट २०२० मध्ये ईदलाच घरी आलेला प्रादेशिक सेनेचा शाकिर मंजूर असाच पळवला गेला. त्याचा बाप वर्षभर रान धुंडाळत, जागोजागी माती उकरत मुलाला शोधत होता. मृतदेह सापडायला सप्टेंबर २०२१ उजाडला.

ही तिन्ही पोरे सुट्टीवर होती. ज्याच्या जिवावर त्याच्या वर्दीमुळे कोणी उठले आहे, त्याने स्वतःच्या रक्षणासाठी हत्यार मागितले तर त्याला वेड्यात काढता येणार नाही. कायद्यातही त्याला वाट आहे. धोका दाखवावा, परवाना घ्यावा. अशा माणसाचा अर्ज महिनोन्‌महिने टेबलावर पडून राहू नये, असेच मी म्हणेन.

तरीही एक विचार करावा लागतो. हे हल्ले टोळीने येऊन, हत्यारे रोखून, बेसावध क्षणी झालेले. लग्नघरात किंवा अडवलेल्या गाडीत कमरेचे एक पिस्तूल किती कामाला आले असते? कदाचित आलेही असते. छातीठोक सांगता येत नाही. आणि मुख्य म्हणजे शोपियानची परिस्थिती आपल्या तालुक्यात नाही. तिथल्या धोक्याचा दाखला देऊन इथल्या पारावर पिस्तूल मागणे म्हणजे कोकणातल्या पावसाचा आकडा घेऊन माणदेशात भात लावण्यासारखे आहे.

बाहेरच्या देशांत काय झाले

हाच वाद दुसऱ्या देशांतही झाला आहे. आपल्या नुकसानीतून शिकण्यापेक्षा दुसऱ्याच्या अनुभवातून शिकणे स्वस्त पडते, म्हणून दोन देशांची हकीकत सांगतो.

अमेरिकेत घरोघरी बंदुका आहेत, पण लष्करी तळावर सैनिकाने स्वतःचे पिस्तूल खिशात घेऊन फिरणे तिथेही बंद होते. टेक्सास राज्यातल्या फोर्ट हूड या तळावर ५ नोव्हेंबर २००९ रोजी गोळीबार होऊन १३ जण ठार झाले, तीसहून अधिक जखमी झाले. मारणारा बाहेरचा नव्हता, सैन्यातलाच डॉक्टर होता. जे मेले त्या सैनिकांजवळ हत्यार नव्हते. तेव्हापासून मागणी सुरू झाली की सैनिकांना स्वतःचे पिस्तूल बाळगू द्या.

पण त्याच फोर्ट हूडवर एप्रिल २०१४ मध्ये पुन्हा गोळीबार झाला. या वेळी एका सैनिकाने स्वतः विकत घेतलेले पिस्तूल लपवून तळावर आणले, तिघांना मारले आणि शेवटी स्वतःला गोळी घातली. एकच तळ, आणि दोन्ही बाजूंच्या लोकांना आपापला पुरावा तिथेच मिळाला. एक म्हणतो, जवळ पिस्तूल असते तर वाचले असते. दुसरा म्हणतो, पिस्तूल आत आले म्हणूनच मेले.

जुलै २०१५ मध्ये टेनेसी राज्यातल्या चॅटानूगा गावी नौदलाच्या केंद्रावर हल्ला होऊन चार मरीन सैनिक आणि एक नौसैनिक असे पाच जण गेले. तिथे नौदलाच्या एका अधिकाऱ्याने स्वतःच्या पिस्तुलाने हल्लेखोरावर उलट गोळ्या झाडल्या होत्या. त्याच महिन्यात जॉर्जिया राज्यातल्या एका भरती अधिकाऱ्याने आपले पिस्तूल भरतीला आलेल्या पोराला दाखवता दाखवता स्वतःच्याच पायात गोळी मारून घेतली. तेव्हाचे तिथले लष्करप्रमुख जनरल ओडिएर्नो यांनी अशाच अपघातांची धास्ती बोलून दाखवली होती. शेवटी नोव्हेंबर २०१६ मध्ये तिथल्या संरक्षण खात्याने नियम काढला: तळावर स्वसंरक्षणासाठी खासगी हत्यार बाळगायचे तर वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी हवी. सरसकट 'हो' म्हटले नाही, सरसकट 'नाही' म्हटले नाही. माणूस पाहून अधिकाऱ्याने ठरवायचे.

दुसरा देश इस्रायल. तिथे तरुण पोरांना सक्तीची लष्करी सेवा आहे आणि पूर्वी आठवड्याच्या सुट्टीला घरी जाताना ती पोरे रायफल सोबत नेत. सैन्याच्या लक्षात आले की पुष्कळ आत्महत्या सुट्टीत, घरी, त्याच रायफलीने होतात. म्हणून २००६ साली ठरले की सुट्टीवर जाताना रायफल तळावरच ठेवायची. पुढे २०१० मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी खाली आले होते. मुख्य घट सुट्टीच्या दिवसांतली, बंदुकीने होणाऱ्या आत्महत्यांमधली. इतर दिवसांत फारसा फरक पडला नव्हता. दुसऱ्या कशाने जीव द्यायचे प्रमाणही त्या मानाने वाढले नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिथे सुट्टीवर आलेला एक सैनिक बायको आणि तान्ह्या मुलीसोबत दुकानात खरेदी करत होता. चाकूहल्ला झाला, तो नि:शस्त्र हल्लेखोराच्या अंगावर धावून गेला आणि मारला गेला. त्यानंतर लढाऊ तुकड्यांतल्या सैनिकांना सुट्टीवर हत्यार नेण्याची मुभा पुन्हा दिली गेली. म्हणजे तो देशही धोका वाढला की हत्यार देतो, घरातले मरण वाढले की काढून घेतो. हत्यार कुठे ठेवायचे हे धोका कुठे जास्त आहे त्यावरून ठरते. पाणी किती द्यायचे हे जमिनीवरून ठरवावे लागते, तसेच हे.

औषधाची बाटली आणि पिस्तूल

मी शेतीखात्याचा माणूस. बंदुकीपेक्षा फवारणीच्या औषधाच्या बाटलीशी माझा संबंध जास्त. प्रत्येक बैठकीत मी एक गोष्ट सांगतो आणि लोक कंटाळून ऐकतात: औषध राहत्या घरात ठेवू नका, माळ्यावर ठेवू नका, कुलपाच्या पेटीत ठेवा, किल्ली एकाकडेच ठेवा. लोकांना वाटते, हे मुलाबाळांनी चुकून पिऊ नये म्हणून. ते तर आहेच. पण दुसरे कारण जास्त मोठे आहे.

रागाच्या किंवा निराशेच्या भरात माणूस हाताला लागेल ते उचलतो. तो क्षण तासा-दोन तासांचा असतो, कधी दहा मिनिटांचा. हाताला जहाल विष लागले तर वाचवायला वेळच मिळत नाही. लागले नाही तर तो क्षण टळतो आणि पुष्कळ जण पुन्हा त्या वाटेला जातही नाहीत. श्रीलंकेने १९९५ मध्ये अतिविषारी कीटकनाशकांवर आणि १९९८ मध्ये एंडोसल्फानवर बंदी आणली. २००५ पर्यंत तिथला आत्महत्यांचा दर जवळजवळ निम्म्यावर आला. तेवढ्या वर्षांत तिथल्या लोकांची दुःखे काही निम्मी झाली नव्हती. हाताला लागणारे विष तेवढे सौम्य झाले होते.

पिस्तुलाचे तसेच आहे, आणि पिस्तूल तर बाटलीपेक्षाही झटपट. जवान दोन महिने घरी असतो, त्यातले पिस्तूल कमरेला किती वेळ राहणार? आंघोळीला जाताना, जेवताना, झोपताना ते कुठेतरी ठेवले जाणार. उशीखाली, फडताळात, काळ्या ट्रंकेत. घरात धाकटा भाऊ आहे, परीक्षेत नापास झालेला पुतण्या आहे, कर्जाने गांजलेला बाप आहे. हत्यार चालवायचे शिक्षण जवानाला मिळाले आहे, घराला मिळालेले नाही. आणि पलटणीत कोत असते, पहारेकरी असतो, नोंदवही असते. आपल्या घराला ओसरीच्या दाराची एक कडी असते.

माझा मुद्दा एवढाच आहे. जवानाच्या हातावर अविश्वास नाही. हत्यार ज्या घरात रात्री झोपणार आहे त्या घराचा विचार आधी करा.

भांडण बांधाचे, हत्यार कशाला?

आपल्या भागात सुट्टीवरच्या जवानाला पिस्तूल हवेसे वाटते, त्यामागे दहशतवादी क्वचितच असतो. बहुधा भाऊबंदकी असते. जवानाला वर्षाला साठ दिवस वार्षिक रजा आणि तीस दिवस किरकोळ रजा. वर्षातले नऊ महिने तो घराबाहेर. तेवढ्यात कोणी बांध कोरतो, कोणी रस्ता अडवतो, कोणी विहिरीच्या पाण्याची पाळी मोडतो. घरी बायको आणि म्हातारे आई-बाप. फोनवर रोज एक तक्रार. मग जवान घरी येतो तो मनात हिशोब घेऊनच. सुट्टी थोडी, राग मोठा आणि सरकारी काम सहा महिने थांब. ही त्याची खरी अडचण आहे आणि ती आपण गावाने समजून घेतली पाहिजे.

त्या हवालदाराचे असेच झाले होते. चुलत्याच्या ट्रॅक्टरने बांध दोन हात आत सरकवलेला. सरपंचांनी मध्यस्थी केली, मोजणी आणली, भूमी अभिलेखच्या भूकरमापकाने खुणा दाखवल्या आणि दगड रोवले. हवालदाराची सुट्टी संपायच्या आठ दिवस आधी हे झाले. निघायच्या आदल्या दिवशी तो पंचायत समितीत मला भेटायला आला. म्हणाला, "साहेब, त्या दिवशी पारावर मी बोललो खरा. त्याच्या आधल्या रात्री चुलत भाऊ दारात येऊन माझ्या आईला नको ते बोलला होता. त्या रात्री माझ्याकडं पिस्तूल असतं तर..." पुढे तो बोलला नाही. मीही विचारले नाही. तो सुखरूप पलटणीत गेला, चुलत भाऊ यंदा त्याच बांधाच्या पलीकडे हरभरा करतो आहे.

एक गोळी सुटली असती तर एक भाऊ मातीत आणि दुसरा तुरुंगात गेला असता. नोकरी, पेन्शन, दोन्ही घरांची पोरे, सगळे दोन हात जमिनीपायी.

परवान्याचा बाजार

आणखी एक सावधगिरीची गोष्ट. जवानांच्या नावावर परवाने काढून देतो असे सांगणारे दलाल फिरतात. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात २ लाख ७८ हजारांहून अधिक परवाने बेकायदा दिले गेल्याचा आरोप आहे. सैन्यातल्या आणि निमलष्करी दलातल्या लोकांच्या नावांचा त्यात वापर झाला. राजस्थान पोलिसांनी २०१७ मध्ये हे प्रकरण उघडकीस आणले आणि २०१८ मध्ये तपास सीबीआयकडे गेला. निवृत्तीनंतर सुरक्षारक्षकाची नोकरी मिळावी म्हणून आपले माजी सैनिक बारा बोअरची बंदूक आणि परवाना शोधतात. त्यांनी दलालाच्या नादी लागू नये. परवाना आपल्याच जिल्ह्यातून, आपल्याच पत्त्यावर काढावा आणि त्यावर राष्ट्रीय नोंदणीचा यूआयएन क्रमांक आहे की नाही हे पाहून घ्यावे. नकली परवान्याची बंदूक म्हणजे कायद्यापुढे विनापरवाना बंदूकच.

तेव्हा काय करावे?

ज्या जवानाला वर्दीमुळे खरोखर धोका आहे, धमकी आली आहे, त्याने आधी आपल्या युनिटच्या कमांडिंग ऑफिसरला सांगावे, पोलीस ठाण्यात लेखी द्यावे आणि रीतसर परवान्याचा अर्ज करावा. ते त्याचे हक्काचे काम आहे. परवाना मिळाला तर घरात लोखंडी पेटी, तिला कुलूप, गोळ्या वेगळ्या, किल्ली स्वतःकडे. दारू घेतली तर हत्याराला हात नाही. सुट्टी संपवून जाताना ते घरी टाकून जायचे नाही. कुठे जमा करता येईल हे पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे. निवडणुकीच्या आचारसंहितेत परवान्यांची छाननी होते, तेव्हा जमा करायला सांगितले तर वाद घालू नये.

ज्याचे भांडण जमिनीचे आहे त्याने पिस्तुलाचा नाद सोडावा. बांधाला मोजणी आहे. वहिवाटीचा रस्ता अडवला तर तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली अर्ज करता येतो. बांधावरून नवा रस्ता हवा असेल तर जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय जवानांच्या तक्रारींचा पाठपुरावा करते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २६ जुलै २०२५ रोजी जवान आणि त्यांच्या कुटुंबांसाठी 'वीर परिवार सहायता योजना' सुरू केली आहे. तिच्यात सैनिक कल्याण मंडळांमार्फत मोफत कायदेशीर मदत मिळण्याची सोय आहे. जवान सीमेवर असताना त्याच्या घरच्यांनी ही वाट धरावी.

मनाचा भार असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो. सैन्यातल्या लोकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ पासून टेली-मानसचा वेगळा कक्ष सुरू झाला. फोन करण्यात कसलाही कमीपणा नाही.

आणि शेवटी गावच्या कारभाऱ्यांना हात जोडून विनंती. सरपंच, पोलीस पाटील, तलाठी भाऊसाहेब आणि तंटामुक्ती समितीचे सभासद, आपल्या गावातले किती जण सैन्यात आहेत आणि त्यांच्या घरचा कोणता वाद पडून आहे, याची एक यादी ग्रामपंचायतीत ठेवा. जवान सुट्टीवर आला की पहिल्या आठवड्यातच त्याच्या वादाची बैठक लावा. मोजणीचा अर्ज तो येण्याआधीच घरच्यांकडून भरून घ्या. सत्कार आणि नारळ-शाल जरूर द्या, पण त्याच्या बांधाचा दगड जागेवर असेल तर त्याला ती शाल जास्त ऊब देईल. आपल्या माघारी गाव आपल्या घराकडे पाहते आहे याची खात्री पटली, की त्या हवालदारासारख्या जवानाला पारावर बसून पिस्तूल मागावे लागणार नाही.